मुलीला एफएएसडी (पोटात असताना दारूमुळे मेंदूला होणारी इजा) असू शकतं असं डॉक्टर म्हणाले, आज पाठ झालेलं उद्या कोरं, कुणाला अनुभव आहे का?

सई_नाशिक:

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमची लेक नऊ वर्षांची, चौथीत आहे. अडीच वर्षांची असताना दत्तक घेतली. फार मायाळू आहे, कुत्र्यामांजरांवर जीव टाकते, गाणं एकदा कानावर पडलं की चाल पकडते, शेजारच्या आजींना रोज सकाळी जास्वंदीचं फूल नेऊन देते. पण अभ्यास आणि वागण्याचा गुंता आता मला सुटेनासा झालाय. परवाचंच सांगते. रविवारी आम्ही दोघी शेंगदाण्यांचे सात सातचे ढीग मांडून सातचा पाढा केला, संध्याकाळी तिने बाबाला न अडखळता म्हणून दाखवला, आम्ही टाळ्या वाजवल्या, ती पण खूश. सोमवारी सकाळी रिक्षाची वाट बघताना सहज विचारलं, सात चोक? तर माझ्या तोंडाकडे बघत राहिली, जणू हे कधी ऐकलंच नाही. मला वाटलं मुद्दाम करतेय. ओरडले तिच्यावर. तर रडत रडत म्हणाली, "आई, काल होतं गं, आता नाहीये." तेव्हापासून तेच डोक्यात फिरतंय.

बाकी पण आहे. दुसऱ्यांची खोडरबरं, पेन्सिली हिच्या दप्तरात सापडतात, विचारलं की "बाईंनी दिलं" म्हणून अख्खी गोष्ट सांगते आणि ती गोष्ट तिला स्वतःलाच खरी वाटते. वेळेचा अंदाज नाही, पाच मिनिटं आणि तास तिला सारखेच. "वर जा, हात धू, दप्तर आण आणि येताना आजीला जेवायला हाक मार" असं म्हटलं की वर जाऊन नुसती उभी. लग्नात बँड वाजायला लागला की कान दाबून खाली बसते. आणि मला सगळ्यात जास्त भीती कशाची तर कुणाही अनोळखी माणसाचा हात धरून चालायला लागते.

आधी एका ठिकाणी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा, सांगितलं होतं, गोळ्या चालू आहेत, फरक थोडाच. मागच्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी दत्तकाची जुनी फाइल मागितली. त्यात एक ओळ होती, जन्मदात्री आई गरोदरपणात रोज दारू पीत असे. ती ओळ आम्ही साडेसहा वर्षांपूर्वी वाचली होती, खाली सही करून पुढे गेलो होतो. त्या ओळीला काही अर्थ असतो हे आम्हाला कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नाही. डॉक्टरांनी पट्टी घेऊन तिचे डोळे मोजले, ओठ बघितला, जन्माच्या वेळचं वजन आणि डोक्याचा घेर विचारला आणि म्हणाले फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर, म्हणजेच एफएएसडी, असू शकतो, सविस्तर टेस्टिंग करू.

सासूबाई म्हणतात लाडावलीये. नवरा म्हणतो आणखी एक लेबल कशाला. मला कळायचंय की पोटात असताना दारूने मेंदूचं नक्की काय होतं, ह्यातून मूल बरं होतं का, आणि शाळेत सांगावं की नाही?

डॉ_मृणाल:

सईताई, मी मुलांच्या विकासाच्या तक्रारींवरच काम करते. तुमची लेक म्हणाली ना "काल होतं, आता नाहीये", तिने तुम्हाला अगदी खरं तेच सांगितलं. तिला बघितल्याशिवाय निदान मी इथे करणार नाही, पण तुम्ही लिहिलेलं सगळं ह्या चित्रात बसतं.

आईने घेतलेली दारू वारेतून सरळ बाळाकडे जाते आणि थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात जवळजवळ आईइतकीच होते. फरक एवढाच की आईचं लिव्हर ती मोडून टाकतं, बाळाचं लिव्हर अजून त्या कामाचं झालेलं नसतं, आणि वर गर्भजलातही ती रेंगाळते. म्हणजे आईची उतरली तरी बाळाची उतरायला वेळ लागतो. चेहऱ्याची ठेवण अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ठरते, तेव्हा दारू पोचली तर डोळ्यांच्या फटी आखूड, नाकाखालची पन्हळ सपाट आणि वरचा ओठ पातळ असं दिसतं. डॉक्टरांनी पट्टी त्यासाठीच लावली. पण मेंदू नऊच्या नऊ महिने घडत असतो, त्यामुळे बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावर काहीही दिसत नाही आणि आत मात्र परिणाम झालेला असतो. अशी मुलं मग वर्षानुवर्षं आळशी, खोटारडी, उनाड ह्या नावांखाली वाढतात, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

मेंदूचे दोन भाग जोडणारा जो पूल असतो, कॉर्पस कॅलोसम, तो काही मुलांत बारीक राहतो, क्वचित तयारच होत नाही. आठवणींचं काम करणारा हिप्पोकॅम्पस, तोल आणि हालचालींची लय सांभाळणारा लहान मेंदू आणि कपाळामागचा भाग, जो "थांब, आधी विचार कर" म्हणतो, ह्या सगळ्यांवर परिणाम होऊ शकतो. रोजच्या जगण्यात त्याचा अर्थ असा की माहिती आत साठवतानाच गाळण होते आणि साठलेलं हवं त्या वेळी हाताला लागत नाही. गणित बहुतेक सगळ्यात जास्त मार खातं, कारण आकडे, वेळ, पैसे ह्या गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत, डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. चार सूचना एकदम दिल्या की पहिलीच उरते. तुमची मुलगी वर गेली ना? म्हणजे पहिली सूचना तिने पाळली!

आणि ती गोष्ट रचते त्याला मी खोटं म्हणणार नाही. आठवणीत भोक पडलेलं असतं, समोर मोठं माणूस रागाने उत्तर मागतंय, मग मेंदू जे सापडेल त्याने ते भोक बुजवतो. खोडरबराचं पण तसंच, "हे तिचं, माझं नाही" ही मालकीची कल्पना आपल्याला सोपी वाटते पण आहे अमूर्तच.

एडीएचडीचं म्हणाल तर दोन्ही एकत्र पुष्कळदा असतात. पण एडीएचडीच्या मुलाला लक्ष टिकवून धरणं जड जातं, ह्या मुलांना नवीन माहिती आत घेणं आणि एका गोष्टीवरून दुसरीकडे लक्ष वळवणं जास्त जड जातं. गोळ्यांचा फायदा काहींना होतो, काहींना फारसा नाही. पण तुम्ही आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका हं, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

ह्याचं निदान रक्त तपासून होत नाही, एमआरआय कित्येकदा नॉर्मल येतो. कॅनडाची २०१६ ची पद्धत आहे त्यात मेंदूच्या कामाचे दहा विभाग बघतात आणि किमान तिनांत मोठी अडचण असावी लागते. नुसता आयक्यू बघून फसू नका, तो ९० आला तरी रोजच्या व्यवहारात मूल तीन-चार वर्षं मागे असू शकतं. हा आजार नवीन नाही, फ्रान्समध्ये नांत शहरात लमवान नावाच्या डॉक्टरांनी १९६८ मध्ये अशा १२७ मुलांबद्दल लिहिलं होतं, ते दुर्लक्षित राहिलं, आणि १९७३ मध्ये अमेरिकेत सिॲटलला जोन्स आणि स्मिथ ह्यांनी त्याला नाव दिलं. आपल्याकडे आजही किती बालरोगतज्ज्ञ गरोदरपणातल्या दारूबद्दल विचारतात सांगा.

बरं होतं का? झालेली इजा भरून येत नाही, हे मी लपवणार नाही. पण सिॲटलमध्येच ॲन स्ट्राइसगथ ह्यांनी १९९६ साली अशा शेकडो मुलांचा आणि मोठ्यांचा अभ्यास मांडला. पुढे शाळा सुटणं, पोलिसांत अडकणं, नैराश्य हे ज्यांच्यात कमी दिसलं त्यांच्याकडे दोन गोष्टी ठळक होत्या, लवकर झालेलं निदान आणि स्थिर मायेचं घर. दुसरी तुमच्याकडे आहेच. म्हणून नवऱ्याला सांगा, लेबलं तिला आधीच लागलीयेत, लाडावलेली, खोटारडी. त्यापेक्षा हे खरं नाव बरं.

वर्षा_विनिपेग:

मी मूळची साताऱ्याची, इथे कॅनडात शाळेत एज्युकेशनल असिस्टंट आहे, अकरा वर्षं झाली. आमच्याकडे एफएएसडी हा शब्द शिपायापासून प्रिन्सिपलपर्यंत सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे मी रोजचं सांगते.

एक मुलगा होता सात वर्षांचा. थंडी उणे पंचवीस, मधल्या सुट्टीत बाहेर जायचं म्हणजे आधी जाड पँट, मग बूट, मग जॅकेट, टोपी आणि शेवटी हातमोजे. हा रोज आधी हातमोजे घालायचा. मग मोजे घातलेल्या हातांनी जॅकेटची चेन लागायची नाही, मागे पोरं खोळंबलेली, बाई घाई करतायत, की हा शेजारच्याला बुक्की मारायचा. महिनाभर त्याच्या वहीत एकच शेरा, मारामारी करतो. शेवटी आम्ही त्याच्या खुंटीजवळ त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर पाच फोटो चिकटवले, वरून खाली, पँट, बूट, जॅकेट, टोपी, हातमोजे, सगळे त्याच्याच कपड्यांचे. आठवडाभर मी प्रत्येक फोटोवर बोट ठेवून उभी राहिले. बुक्क्या बंद झाल्या. मग नाताळच्या सुट्टीत कुणीतरी भिंत रंगवली आणि फोटो काढून टाकले, जानेवारीत पहिल्याच दिवशी परत हातमोजे आधी. ते फोटो त्याच्यासाठी चष्म्यासारखे होते हो, चष्मा काढून घेतला तर कोण वाचेल?

सईताई तुम्ही पण असंच करा. एका वेळी एकच गोष्ट सांगा आणि मनात दहा आकडे मोजून थांबा, मध्ये दुसऱ्या शब्दांत परत सांगू नका, तिला ती नवीन सूचना वाटते आणि पहिली पुसली जाते. रोज तेच शब्द. "नीट बस" म्हणजे काय ते तिला कळत नसेल, "पाय खाली, पाठ खुर्चीला" हे कळतं. "आठवडाभर चांगली वागलीस तर रविवारी बाहुली" हे सोडूनच द्या, आजचं वागणं आणि रविवारची बाहुली ह्यांच्यातला दोरा तिला दिसत नाही, बिचारी हरतेच आणि मग स्वतःला वाईट समजायला लागते. शिक्षेचं पण तेच.

पाढे तुम्ही म्हणालात चाल पटकन पकडते, तर चालीवर गाऊन घ्या, आणि छापील पाढ्यांचा कागद कंपासपेटीत कायमचा ठेवा, बघून लिहू दे. गर्दीत जाताना कानाला हेडफोन. वेळेसाठी वाळूचं घड्याळ आणा, वेळ संपताना दिसते. आणि अनोळखी माणसांचं आजच करा, "अनोळखी" हा शब्दच वापरू नका कारण दोन मिनिटं बोललेला माणूस तिच्या लेखी ओळखीचा झाला. आई, बाबा, आजी आणि रिक्षावाले काका, चौघांचे फोटो एका कार्डावर. ह्यांचाच हात धरायचा, बाकी कुणाचा नाही. शाळेत नक्की सांगा, पण नुसतं नाव सांगून बाई काय करणार, तिला काय जमतं, कुठे अडतं आणि अडल्यावर काय करायचं हे एका कागदावर लिहून द्या.

अनामिका_९:

विषय थोडा वेगळा होतोय सॉरी, पण वाचून हातपाय गार पडले. मी नवव्या आठवड्यात आहे. कळायच्या आधी दोन पार्ट्यांमध्ये एकेक ग्लास वाइन घेतली होती. घरी कुणाला सांगितलं नाहीये. आता काय करू?

डॉ_मृणाल:

आधी शांत हो. कळल्यापासून घेतली नाहीस ना, मग करण्यासारखं सगळ्यात महत्त्वाचं तू केलंयस. किती दारू सुरक्षित ते कुणालाच माहीत नाही, म्हणून गरोदरपणात, आणि बाळाचा विचार चालू असेल तेव्हापासूनच, अजिबात नको असं आम्ही सांगतो. पण प्रत्येक घोटाने इजा होते असंही नाही. २०१७ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून जो अंदाज आला त्यात गरोदरपणात दारू घेणाऱ्या साधारण तेरा बायकांमागे एकीच्या बाळाला हा त्रास दिसला, आणि धोका वाढतो तो एकदम जास्त प्यायल्याने आणि पुन्हा पुन्हा प्यायल्याने. तुझ्या डॉक्टरांना मात्र पुढच्या भेटीत स्पष्ट सांग. ब्रँडीचे चार चमचे, बिअर, फेणी, वाइन, सगळ्यात अल्कोहोल एकच असतं, "हलकी" असं काही नसतं.

बाबा_कोल्हापूर:

ताई मी बाप म्हणून लिहितोय, आमचा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तो पण दत्तक, आणि आम्हाला हे नाव कळलं तो सतरा वर्षांचा झाल्यावर, तोपर्यंत आम्ही तीन शाळा बदलल्या, दोन ट्यूशन लावल्या, एका शाळेत तर त्याला वर्गाबाहेर इतका वेळ उभा करायचे की शिपाईमामा त्याला स्टूल आणून द्यायचे. आणि मी स्वतः, हे लिहिताना हात थरथरतो, तो दहा वर्षांचा असताना इंग्रजीच्या स्पेलिंगवरून मी त्याला पट्टीने मारलंय, एकाच शब्दासाठी सलग तीन दिवस, कारण आदल्या रात्री त्याला ते येत होतं. तुमच्या मुलीचं ते वाक्य वाचलं आणि मी फोन खाली ठेवून गच्चीत जाऊन बसलो. माझ्या पोराला असं बोलता आलं नाही, तो नुसता गप्प बसायचा आणि मला वाटायचं उर्मट आहे.

मोठं झाल्यावरचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. बोलतो एकदम चटपटीत, त्यामुळे लोकांना वाटतं सगळं कळतंय, पण व्यवहारात अकरा-बारा वर्षांचा आहे. कुणी गोड बोललं की तो जिगरी दोस्त. गेल्या वर्षी अशाच एकाने त्याचं बँकेचं खातं आणि एटीएम कार्ड "आठ दिवस वापरायला" मागितलं, ह्याने देऊन टाकलं, त्या खात्यावर कुणाकुणाला फसवलेले पैसे आले आणि पोलीस आमच्या दारात. चौकीत प्रश्न विचारले त्याला हा "हो साहेब" "हो साहेब" करत गेला, समोरच्याला खूश करायचं एवढंच त्याला कळतं, जे केलं नाही त्याला पण हो म्हणाला. वकील आणि डॉक्टरांचे रिपोर्ट होते म्हणून निभावलं. तेव्हा तुम्ही टेस्टिंगचे सगळे कागद जपून ठेवा.

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत त्यात हे नाव वेगळं नाही, पण टेस्टिंगमध्ये जे निघेल, बौद्धिक अक्षमता किंवा लर्निंग डिसेबिलिटी, त्याच्यावर सर्टिफिकेट मागता येतं, आणि लर्निंग डिसेबिलिटी असेल तर दहावीला जादा वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलती आहेत. आम्हाला उशीर झाला. आता तो एका रोपवाटिकेत जातो, रोज तेच काम, पिशव्यांत माती भरायची, रोपं लावायची, पाणी द्यायचं, मालक समजूतदार आहे, एका वेळी एकच काम सांगतो. पगार आम्ही सात पाकिटांत वाटून ठेवतो, सोमवारचं सोमवारी. परवा त्याने लावलेल्या मोगऱ्याला कळ्या आल्या तर फोटो पाठवला, खाली लिहिलं होतं बाबा हे मी विसरलो नाही.

सिस्टर_गडचिरोली:

मी चौदा वर्षं एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सरकारी नर्स, आहे. सगळ्यांनी चांगलं लिहिलंय, मला फक्त त्या फाइलमधल्या बाईबद्दल बोलायचंय, जिच्याबद्दल एकच ओळ आहे.

आमच्या जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची निघते, हे काही गुपित नाही. आमच्याकडे बाई येते तेव्हा चौथा महिना लागलेला असतो, दिवस गेलेत हेच तिला उशिरा कळतं. दिवसभर मजुरी, पोटात अन्न कमी, घरी नवरा पिऊन मारणारा, अंग दुखतं म्हणून संध्याकाळी घोटभर घेते, त्याने बाळाचं डोकं कच्चं राहतं हे तिला सांगणार कोण? आम्ही खर्रा, तंबाखू विचारतो, दारूचं विचारायला आमचीच जीभ अडखळते. २०१९-२१ च्या सरकारी आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या ०.४ टक्के बायकांनी पितो असं सांगितलं, म्हणून शहरातले डॉक्टर विचारतच नाहीत. आणि हे फक्त जंगलातल्या बायांचं आहे असं पण कुणी समजू नका, वर त्या नवव्या आठवड्याच्या मुलीने लिहिलं ना, ती शहरातलीच असणार. मी एका बाईला सहाव्या महिन्यात हे समजावून सांगितलं तर ती माझ्यावर चिडली, म्हणाली, "मंग आधीच्या तिघांच्या टायमाला काहून नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी पहिल्याच भेटीत विचारते, आणि एकटी असेल तेव्हा विचारते.

सईताई, मुलगी मोठी झाली की विचारेलच. तेव्हा तुझी आई दारुडी होती असं तिच्या कानावर कधी पडू देऊ नका. तिला माहीत नव्हतं आणि तिला कुणी मदत केली नाही, एवढं सांगा, खरं तेच आहे.

सई_नाशिक:

चार दिवसांनी लिहितेय. सगळं नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, कोल्हापूरच्या दादांचं वाचताना तो उठून गेला आणि येऊन म्हणाला टेस्टिंगची तारीख घे. पुढच्या महिन्यात मिळालीये. सासूबाई अजून पूर्ण पटलेल्या नाहीत, पण काल त्यांनी तिला "ताट घे" एवढंच सांगितलं आणि मनात आकडे मोजत उभ्या राहिल्या, ओठ हलताना मी बघितले.

वर्गबाईंना कागद नेऊन दिला. कंपासपेटीत पाढ्यांचा कागद ठेवला तर तिने तीनदा विचारलं, "बघून लिहिलं तर चालेल? बाई रागवणार नाहीत?" शाळेतून आली ती वही पुढे धरूनच, पाच गणितं, पाचही बरोबर. सिस्टर, तुमचं लिहिलेलं मी वेगळं उतरवून त्या फाइलमध्येच ठेवलंय, त्या ओळीच्या शेजारी.

वर्षाताई, फोटोचं कार्ड केलं, दप्तराला अडकवलंय. पण ती म्हणते पाचवा फोटो फुलवाल्या आजींचा हवाच. लावू का?

वर्षा_विनिपेग:

लावा की. पण पाचावर थांबा, आणि आजींना सांगून ठेवा की आता त्या यादीत आहेत.